दोन पिनांच्या मधली सीट

श्रोतेहो, नमस्कार.

आई-वडिलांसाठी नवी गाडी घ्यायची ठरली की घरात आधी बोलणं निघतं ते कंपनीचं, मायलेजचं आणि रंगाचं. मी मात्र आज सुरुवात करणार आहे शिलाईच्या डब्यातल्या टेपपासून. हो, कापड मोजायची ती टेप. लहान एसयूव्ही निवडताना आमच्या घरात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच, आणि ती सुचली माझ्या आईला.

आमची जुनी गाडी ठेंगणी होती. त्या वेळी बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आई एकाहत्तरची, आणि तिच्या दोन्ही गुडघ्यांनी कुरकुर सुरू केलेली. गाडीतून उतरायचं म्हणजे ती आधी दोन्ही पाय बाहेर काढायची, दाराची चौकट धरायची आणि मग हात पुढे करून थांबायची. बाबा आपल्या बाजूने उतरून, गाडीला वळसा घालून यायचे आणि तिला ओढून उभं करायचे. हे इतकी वर्षं चाललं होतं की आम्हा कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एके दिवशी तिला ओढताना बाबांच्याच पाठीत चमक भरली. त्या रात्री ठरलं, आता उंच गाडी घ्यायची.

बाबांनी माहितीपत्रकं आणली, त्यांवर लाल शाईने खुणा केल्या. आठवड्याभरात त्यांच्या मनात एक गाडी पक्की बसली. रुबाबदार, मोठ्या चाकांची, समोर भला मोठा स्क्रीन. मलाही ती आवडली होती, हे मी कबूल करते. उंच आहे ना, मग आईची सोय झालीच, असा माझा हिशोब.

शोरूमला जायच्या आदल्या संध्याकाळी घरी आले, तर आई एकेका खुर्चीवर बसून उठत होती. हात छातीशी घडी घालून. सोफ्यावरून उठता आलं नाही. वेताच्या खुर्चीवरूनही नाही. जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर जाड उशी ठेवली, तेव्हा ती कशालाही न धरता उभी राहिली. तिने जमिनीपासून उशीपर्यंतचं अंतर मोजलं. ५२ सेंटिमीटर. टेपवर तिथे एक सेफ्टी पिन टोचली. मग उलट बाजूने सुरुवात केली. पलंग, पलंगावर घडी केलेलं ब्लँकेट, त्यावर आणखी एक. पाठ करून उभं राहायचं आणि नुसतं मागे टेकायचं. टाच जमिनीवरून सुटायला लागली की थांबायचं. ती उंची निघाली ६६ सेंटिमीटर. तिथे दुसरी पिन.

बाबा म्हणाले, "अगं, आपण गाडी घ्यायला चाललोय, पडदे शिवायला नाही."

आई म्हणाली, "अहो, पडद्यात मला रोज बसायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी शोरूममध्ये गाड्या दाखवणाऱ्या मुलाने माहिती सांगायला सुरुवात केली ती माझ्याकडे बघून. गाडी चालवणार बाबा, शेजारी बसणार आई, आणि तो बोलतोय माझ्याशी. हे मला फार खटकतं. केस पांढरे झाले की समोरचा माणूस त्यांना सोडून बरोबर आलेल्या तरुणाशीच बोलायला लागतो. बँकेत तेच, दवाखान्यात तेच. तुम्ही बरोबर गेलात तर एक पाऊल मागे उभे राहा, म्हणजे बोलणाऱ्याला त्यांच्याकडेच बघावं लागेल.

त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत आई थांबली. मग दार उघडून वाकली आणि टेप लावली. बाबांच्या आवडत्या गाडीची सीट होती ७१ सेंटिमीटरवर. दुसऱ्या पिनेच्याही वर. तरी ती बसून बघणार होतीच. दाराखालचा गाडीचा उंबरठा चांगलाच रुंद होता. पाय त्याच्यावरून पलीकडे न्यायचा, वरचा दांडा धरायचा आणि अंग वर उचलायचं. बसली ती, पण उतरताना तिचा पाय किती तरी वेळ जमीन शोधत राहिला. बाबांचा हात आपोआप पुढे गेला. त्या दोघांना तसं बघताना मला जुनी गाडीच आठवली. तिथे वर ओढायचं, इथे खाली झेलायचं, फरक तेवढाच.

आई काही बोलली नाही. वहीत ७१ लिहिलं आणि पुढच्या गाडीकडे गेली. दोन दिवसांत आम्ही पाच गाड्या पाहिल्या.

पण बाबांचं मन त्या पहिल्या गाडीतून निघत नव्हतं. त्यांनी ती चालवून बघायला घेतली. संध्याकाळ होती, पाऊस लागलेला, आम्ही चार माणसं आत. बघता बघता समोरच्या काचेवर आतून वाफ धरली. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, तर नकाशा आला. पुन्हा ठेवलं, गाणं लागलं. तिसऱ्यांदा नजर रस्त्यावरून काढून शोधायला गेले आणि तिथेच त्यांनी गाडी कडेला घेतली. पन्नास वर्षं गाडी चालवलेला माणूस. शोरूमच्या मुलाने हात पुढे करून दोन ठिकाणी टिचक्या मारल्या, काच स्वच्छ झाली. बाबा मात्र स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तसेच बसले होते. मग शांतपणे म्हणाले, "मला हाताला लागेल असं बटण हवं."

शेवटची गाडी अगदी साधी होती. चार वर्षं बाजारात असलेलं मॉडेल, माहितीपत्रकावर बाबांनी एकही खूण न केलेलं. सीट ६१ सेंटिमीटरवर. उंबरठा अरुंद. पंख्याला, काचेला, आवाजाला वेगवेगळी गोल बटणं. आई गाडीकडे पाठ करून उभी राहिली, आधी सीटवर टेकली आणि मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवले. दांडा धरला नाही. उतरली. पुन्हा बसली. तिसऱ्या वेळी उतरताना तिने हात छातीशी घडी घातले आणि उभी राहिली.

बाबा बघत होते. त्यांनी तिच्या हातातून टेप घेतली आणि स्वतः वाकून मागची सीट मोजायला लागले. म्हणाले, "तुझी बहीण येते तेव्हा ती मागे बसते."

श्रोतेहो, तीच गाडी आमच्या दारात आली.

तर पुन्हा सांगते. घरातल्या ज्या खुर्चीवरून आई-वडिलांना हाताचा आधार न घेता उठता येतं, तिची उंची ही पहिली पिन. ज्या उंचीवर टेकताना टाच जमिनीवरून सुटते, ती दुसरी पिन. गाडीची सीट या दोन पिनांच्या मध्ये हवी. आकडे मात्र आमचे घेऊ नका. माझ्या आईची उंची वेगळी, तुमच्या आईची वेगळी. सीट खाली-वर होत असेल तर दोन्ही टोकांना मोजा. आणि तीनदा बसून-उठून बघा. पहिल्या वेळी माणूस ताकद लावून निभावून नेतो. खरं काय ते तिसऱ्या वेळी कळतं.

आता बटणांबद्दल दोन शब्द बोलते, कारण मी रेडिओवर आयुष्य काढलंय. जुन्या रेडिओ संचाची खुंटी अंधारात, डोळे मिटून फिरवता यायची. बोटांना ती पाठ असायची. गाडीतही तसंच हवं, कारण तिथे डोळ्यांना दुसरं काम असतं. हे केवळ माझं वेड नाही. गाड्यांची सुरक्षा तपासणारी युरो एनकॅप ही संस्था २०२६ पासून वळणाचे दिवे, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना हाताला लागणारी स्वतंत्र बटणं आहेत का, हेही गुण देताना बघते. काचेवरची वाफ घालवायचं बटणही मला तितकंच महत्त्वाचं वाटतं.  म्हणून ते तुम्हीच बघा. गाडी उभी असताना त्यांना डोळे मिटायला सांगा आणि पंख्याचं बटण शोधायला सांगा.

गाडी बघायला दिवसा जा, आणि चालवून बघायला एकदा अंधार पडल्यावर. वय वाढलं की डोळ्याची बाहुली अंधारातही पुरेशी मोठी होत नाही, भिंग पिवळसर होतं आणि आत पोचणारा उजेड कमी होतो. समोरून आलेल्या दिव्याने दिपलेले डोळे स्थिरावायलाही जास्त वेळ लागतो. हल्लीचे ते पांढरेफेक प्रखर दिवे तर मला अन्यायच वाटतात, पण तो विषय काढला तर आपला वेळ त्यातच जाईल. मानही पूर्वीसारखी मागे वळत नाही. त्यामुळे मागची काच मोठी, आरसे मोठे आणि मागे घेताना दाखवणारा कॅमेरा, या तिन्ही गोष्टी बघून घ्या. लहान एसयूव्हीत मागचे खांब बरेचदा जाड असतात आणि त्यांच्याआड सायकलवाला सहज लपतो.

सुरक्षेचं थोडक्यात. म्हातारपणी बरगड्या ठिसूळ होतात, तेव्हा पट्टा नुसता असून भागत नाही. धडकेच्या क्षणी तो आधी आवळला गेला पाहिजे आणि मग छातीवरचा ताण एका मर्यादेपलीकडे गेला की थोडा सैल सुटला पाहिजे. ही सोय मागच्या सीटलाही आहे का, ते आवर्जून विचारा. पट्टा खांद्याच्या मधोमध यावा, गळ्याशी घासू नये. स्टिअरिंगचा मधला भाग आणि छातीचं हाड यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर हवं, कारण एअरबॅग फार जोरात फुगते. आईसारखी ठेंगणी व्यक्ती चालवणार असेल तर हेही टेपने मोजा. घसरणारी गाडी सावरणारी ईएससी आणि वेळेवर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, या दोन्ही असतील तर उत्तम.

आणि भरवसा? आई-वडिलांची गाडी वाटेत बंद पडली की ढकलायला ते उतरू शकत नाहीत, म्हणून हा प्रश्न आपल्यापेक्षा त्यांच्यासाठी मोठा. नुकतंच बाजारात आलेलं मॉडेल घेऊ नका. दोन-तीन वर्षं होऊ द्या, तोवर त्यातले दोष बाहेर पडतात. मेकॅनिकला विचारा, हेच इंजिन आणि हाच गिअरबॉक्स याआधी कुठल्या गाडीत होता आणि तिथे कसा चालला. नवीन इंजिन, नवीन गिअरबॉक्स आणि नवीन मॉडेल असं तिन्ही एकत्र आलं असेल तर थांबा. ऑटोमॅटिक घेतलंत तर डाव्या पायाची सुटका होते. पण ऑटोमॅटिकमध्येही प्रकार आहेत. कोरड्या दुहेरी क्लचचा, म्हणजे तेलात न बुडवलेले दोन क्लच असलेला गिअरबॉक्स गर्दीत रांगत चालताना तापतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे पोचवणारा जुना प्रकार अशा चालीला अधिक सोशिक.

हे मात्र लक्ष देऊन ऐका. बहुतेक आई-वडील रोज थोडंच अंतर जातात. अशा वापराला आजची डिझेल गाडी सोसत नाही. तिच्या धुराड्यात काजळी धरणारी जाळी असते. ती काजळी जळून जायला इंजिन चांगलं तापून काही वेळ सलग चालावं लागतं. दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते होत नाही आणि जाळी तुंबते. थोड्या अंतराला पेट्रोल किंवा हायब्रिड बरी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर बॅटरीही उतरते, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी ती नीट फिरवून आणायला सांगा.

जुनी गाडी घेत असाल तर सर्व्हिसिंगचे कागद बघा आणि टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवेकोरे असतात, रबर मात्र म्हातारं झालेलं असतं. डिकीत स्टेपनी आहे का तेही बघा. नुसती पंक्चरची बाटली देऊन बोळवण करतात ते मला पटत नाही.

गाडी घरी आली की लगेच परतीला निघू नका, एक दिवस राहा. आरसे बाबांच्या नजरेला लावून द्या, फोन जोडून द्या, नको ते आवाज बंद करा. मदतीला बोलवायचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून समोरच्या खणात ठेवा. आणि मग मागे बसा आणि बाबांना तुम्हाला एक चक्कर मारून आणू द्या.

नमस्कार.