वर्तुळाच्या बाहेरचं औषध

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'वनस्पतीपासून औषधापर्यंत' आणि वेळ दिलीय पाऊण तास. टॅक्सॉल नावाचं कर्करोगावरचं औषध आपल्याला माहीत आहे. पॅसिफिक यू या झाडाची साल त्यासाठी पहिल्यांदा गोळा केली १९६२ साली. रेणूची रचना छापून आली १९७१ साली. अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ साली. तीस वर्षांचा प्रवास पाऊण तासात बसवायचा, तर वाटेतली काही स्टेशनं गाळावी लागणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

मला आज खरं तर एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. वनस्पतींच्या अर्कांवरचं आणि सुगंधी तेलांवरचं बरंचसं संशोधन उलट्या टोकाकडून सुरू होतं. ते तबकडीतल्या जंतूपासून निघतं आणि माणसापर्यंत पोचतच नाही. उलट, ज्या वनस्पतींनी खरोखर औषध दिलं, त्यांतल्या बऱ्याच जणींची सुरुवात आजारी माणसापासून झालेली आहे. सर्पगंधेच्या उदाहरणावरून मी हे मांडणार आहे. पण त्याआधी तबकडीबद्दल थोडंसं. थोडंसंच.

समोरच्या पहिल्या दोन रांगांत एमएस्सीची मुलं दिसताहेत, त्यांनी ही चाचणी केलेलीच असणार. बाकीच्यांसाठी सांगतो. काचेची झाकणवाली तबकडी घ्यायची, तिच्यात अगारचा, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीचा, थर ओतायचा, तो गोठला की कापसाच्या बोळ्यानं त्यावर जंतू सारवायचे. मग टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठी, टिपकागदाची गोल चकती अर्कात भिजवून, वाळवून मधोमध ठेवायची. ३५-३७ अंशांवर रात्रभर ठेवलं की सकाळी सगळीकडे जंतूंची पांढुरकी साय धरलेली असते आणि अर्कात दम असेल तर चकतीभोवती स्वच्छ, पारदर्शक वर्तुळ दिसतं. पट्टी लावायची, व्यास मोजायचा, वहीत लिहायचा. पहिल्यांदा ते वर्तुळ दिसतं ना, तेव्हा फार आनंद होतो. तो आनंद मी नाकारत नाही. माझी तक्रार पुढच्या गोष्टींबद्दल आहे.

मला अधूनमधून पीएचडीचे प्रबंध तपासायला येतात. कोणत्या विद्यापीठाचे ते विचारू नका, सांगणार नाही. असाच एक जाडजूड प्रबंध होता. कोष्टकं सुबक, फोटो रंगीत. एका कोष्टकात एका अर्कापुढे लिहिलं होतं: 'वर्तुळाचा व्यास ६ मिलिमीटर, सौम्य परिणाम.' मला शंका आली म्हणून चार प्रकरणं मागं गेलो, कार्यपद्धती काढली. तिथे स्पष्ट लिहिलंय: चकतीचा व्यास ६ मिलिमीटर! (हशा) म्हणजे त्या बिचाऱ्यानं कागदाची चकतीच मोजली होती. तोंडी परीक्षेत मी विचारलं, "हा सौम्य परिणाम नेमका कशाचा, कागदाचा का?" त्यानं गाइडकडे पाहिलं. गाइडनी वर पंख्याकडे पाहिलं.

हसताय, पण हे तसं निरुपद्रवी आहे. खरा घोळ याच्या पुढे. अर्क काढायला इथेनॉल वापरतात. आता इथेनॉल स्वतःच जंतू मारतं, ते हाताला चोळायला आपण वापरतो ते काही उगाच नव्हे. मग नुसत्या इथेनॉलची चकती शेजारी ठेवायला नको? चकती नीट वाळली की नाही ते पाहायला नको? निम्म्या शोधनिबंधांत त्याचा उल्लेख नसतो, असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा मोजलेला नाही, तेव्हा 'पुष्कळ' म्हणतो. आणि जिथे ती चकती असते तिथे कधीकधी तिचंही वर्तुळ असतं, त्याकडे कानाडोळा केलेला असतो.

मग तुलना. अर्काच्या शेजारी प्रतिजैविकाची चकती असते. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या प्रमाणित चकतीत औषध असतं ५ मायक्रोग्रॅम. अर्काच्या चकतीत पुष्कळदा १० मिलिग्रॅम. जरा हिशेब करा, दोन हजार पट! आणि निष्कर्षात वाक्य असतं की अर्काचा परिणाम प्रमाणित प्रतिजैविकाशी तुल्यबळ आहे. दोन हजारांनी मिळून एकट्याला बरोबरीत रोखलं, याला कुस्तीत काय म्हणतात ते मला माहीत नाही.

माझा एक आवडता हिशेब आहे, तो केल्याशिवाय मला पुढं जाववत नाही. एखाद्या निबंधात जंतूंची वाढ रोखायला लागणारी किमान तीव्रता लिहिलेली असते, समजा मिलिलिटरमागे ५ मिलिग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटते. आता मोठ्या माणसाच्या शरीरात पाणी असतं साधारण ४० लिटर. त्या सगळ्यात ही तीव्रता गाठायची तर अर्क लागेल २०० ग्रॅम. कोरडा. एका वेळी. आणि त्यातला कणभरही आतड्यात, यकृतात किंवा मूत्रपिंडात वाया न जाता. पाल्यातून दहा टक्के अर्क निघतो असं धरलं, तर वाळलेला पाला झाला दोन किलो. तरी निबंधाचा शेवट ठरलेला: या वनस्पतीपासून भविष्यात प्रभावी औषध मिळू शकतं, अधिक संशोधनाची गरज आहे. हे अधिक संशोधन करणार कोण? त्याच गाइडचा पुढचा विद्यार्थी येतो आणि दुसरी वनस्पती घेतो!

जाता जाता, तेलांची अडचण याच्या अगदी उलट असते. तेल पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ओलसर अगारमध्ये ते धड पसरत नाही. वर्तुळ लहान येतं, म्हणून चांगलं तेलही नापास होतं. शिवाय ते उडून जातं. झाकणाखाली वाफ कोंडते आणि शेजारच्या चकतीभोवतीचे जंतू मारते. मग पाण्याच्या चकतीलाही वर्तुळ आलं म्हणून लोक चक्रावतात. तेलासाठी द्रव माध्यमात, तेल पाण्यात मिसळवणारं थोडं पायसीकारक घालून, टप्प्याटप्प्यानं पातळ करत चाचणी करतात. ती किचकट आहे, वेळ खाते, आणि तिच्यात रंगीत फोटो मिळत नाहीत. ही शेवटची अडचण सर्वांत मोठी.

बरं, नुसतं जंतूंचंच असं आहे असं नाही. टॅनिन घ्या. सालींत, पानांत भरपूर असतं आणि दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं. विकर, म्हणजे एन्झाइम, हेही प्रथिनच; त्याची कुठलीही चाचणी लावा, टॅनिनवाला अर्क पास! हळदीतलं कुरकुमिन तर या बाबतीत नामांकित आहे. ते स्वतः प्रकाश शोषतं, स्वतः चमकतं, प्रथिनांशी अभिक्रिया करतं, त्यामुळे ज्या चाचण्या रंगावर किंवा चमकेवर चालतात त्या फसतात. २०१७ साली कॅथरीन नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधरसायनाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात याचा आढावा घेतला. १२० हून जास्त वैद्यकीय चाचण्या झाल्या होत्या, आणि दुहेरी अंध (कुणाला काय दिलं हे रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही), प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या नकली गोळीशी, तुलना केलेली एकही यशस्वी ठरली नव्हती, असं त्यांनी लिहिलं. यावर वाद झाले, होणारच. पण परीक्षानळीतल्या यशाचा डोंगर आणि माणसातलं यश यांच्यात केवढी दरी असू शकते, हे एवढ्या स्वच्छपणे क्वचितच दिसतं.

आता मी... ही चिठ्ठी आली. 'दहा मिनिटे.' मला वाटलं पाणी पाठवलं! (हशा) ठीक आहे. मुख्य विषयाला सुरुवात करू.

सर्पगंधा. हिचं मूळ वेड, झोप न येणं, अशा तक्रारींवर वैद्य देत होतेच. १९३१ साली सेन आणि बोस यांनी रुग्णांवरचे अनुभव प्रसिद्ध केले: रक्तदाब उतरतो, मन शांत होतं. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी मुळातून अल्कलॉइडांचे, म्हणजे वनस्पतीतल्या नायट्रोजनयुक्त रसायनांचे, सुंदर स्फटिक वेगळे केले. पण रक्तदाब उतरवणारा खरा ऐवज त्या स्फटिकांत नव्हता, तो मागे उरलेल्या राळेसारख्या चिकट भागात होता. नुसत्या रसायनशाळेच्या भरवशावर राहिलो असतो तर तो भाग टाकून दिला असता. डॉक्टर मात्र अख्खं मूळ देत राहिले, कारण रुग्णाला गुण येत होता. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आपला अनुभव छापला आणि जग जागं झालं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी त्या चिकट भागातून रिसर्पिन हा रेणू काढला. क्रम लक्षात घ्या: आधी माणूस, मग मूळ, मग रेणू.

हिवतापावरच्या आर्टेमिसिनिन या औषधाचीही तीच कथा, फक्त घाईत सांगतो. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाला एका वनस्पतीच्या अर्कातून हिवतापावर कधी गुण दिसायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका चिनी वैद्यकग्रंथात कृती होती: मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून रस प्या. उकळा असं त्यात कुठेच नव्हतं. उष्णतेनं औषध बिघडत असावं, असा त्यांनी तर्क केला आणि ३५ अंशांनाच उकळणारं ईथर वापरलं. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांतल्या हिवतापावर शंभर टक्के लागू पडला. २०१५ साली नोबेल. म्हणजे जुन्या माहितीतला मोलाचा भाग वनस्पतीच्या नावात नव्हता, तयार करण्याच्या रीतीत होता. आपण नाव घेतो, रीत सोडतो, आणि सरसकट मिथेनॉलमध्ये उकळतो.

तेलांचं राहिलं. टी ट्री तेलावर ऑस्ट्रेलियात १९२० च्या दशकात आर्थर पेनफोल्ड यांनी काम सुरू केलं. आज त्यात टर्पिनेन-४-ऑल हा मुख्य घटक किती असावा याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. १९९० साली १२४ रुग्णांवर चाचणी झाली. मुरुमांवर ५ टक्के तेलाचं जेल बेन्झॉइल पेरॉक्साइड या नेहमीच्या औषधापेक्षा सावकाश लागू पडलं, पण त्याचे दुष्परिणाम कमी होते. हे तेल फक्त त्वचेवर लावायचं, पोटात गेलं तर विषबाधा होते. पेपरमिंट तेलातल्या मेंथॉलनं आतड्याचे स्नायू सैलावतात, म्हणून पोटात मुरडा येणाऱ्या रुग्णांना ते कॅप्सूलमध्ये देतात. ती कॅप्सूल जठरात फुटली तर छातीत जळजळ होते, म्हणून तिला वेगळं आवरण लागतं. २०२० सालच्या एका डच चाचणीत मुख्य निकषावर ती उतरली नाही, काही दुय्यम लक्षणांत मात्र फायदा दिसला. असा अर्धवट निकाल मला दहा वर्तुळांपेक्षा मोलाचा वाटतो.

एक आक्षेप येणार, तो मीच घेतो. शतकानुशतकं वापरलंय म्हणजे निर्धोक आहे का? नाही. ॲरिस्टोलोकिया कुळातल्या वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या वापरात होत्या. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका वजन उतरवण्याच्या दवाखान्यात चुकून त्यांतली एक दिली गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. पुढे तिच्यामुळे कर्करोगही होतो हे कळलं. लगेच होणारी ओकारी लोकांच्या लक्षात राहते. वर्षांनी होणारा अपाय कुणाच्या स्मरणात जोडला जात नाही. म्हणून माणसापासून सुरुवात करा म्हणताना प्राण्यांवरची विषारीपणाची चाचणी आधीच हवी, ती मी गाळत नाही.

तर माझं म्हणणं असं. ज्या आजारावर ज्या रीतीनं वनस्पती दिली जाते, तो आजार आणि ती रीत जशीच्या तशी नोंदवा. कोणतं अंग, कोणत्या ऋतूत तोडलेलं, किती, कशात घालून. नमुन्याची रासायनिक छाप घेऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा अर्क तोच आहे का हे कळेल. विषारीपणा तपासा. मग मोजक्या रुग्णांवर, प्लासिबो ठेवून, नीट चाचणी करा. गुण आला तरच रेणूच्या मागे लागा. गुण आला नाही तर तेही छापा, म्हणजे तीच वनस्पती पुन्हा कुणी हाती घेणार नाही. याला खर्च जास्त येतो, परवानग्या लागतात, आणि तीन वर्षांत प्रबंध होत नाही. विद्यापीठांच्या नियमावल्या हेच पाहून बदलायला हव्यात, पण त्यावर बोलायला दुसरा पाऊण तास...

हो हो, थांबतो. अध्यक्ष उभे राहिलेत. प्रश्न विचारा, पण कृपा करून गुडघेदुखीवर कुठलं तेल लावू, असं नका विचारू.