कोणी विचारलंच नाही तर?

नमस्कार मंडळी.

कोजागिरीच्या दुधाला आपण जमलो आहोत आणि मला विषय दिलाय 'माळव्यातलं मराठी घर'. त्यावरच बोलते, पण गौरीजेवणाच्या दिवशी माझ्या घरात जे झालं ते सांगून. ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्या मुलाला विचारलंय. "मावशी, सांग, फक्त नाव घेऊ नकोस," म्हणाला. तुमच्यातले काही जण ओळखतीलच. ओळखलंत तर त्याच्याशी नेहमीसारखं बोला, एवढंच मागणं आहे.

माझा भाचा २३ वर्षांचा. भाऊजी फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, शेवटची नोकरी इंदूरजवळच्या महू छावणीत. महूचं तुम्हाला काय सांगायचं? छोट्या लाइनीच्या गाडीने पातालपाणीला जाताना खिडकीतून मैदानावरचे जवान दिसले की आपण हात हलवायचो, आणि एखाद्याने उलट हलवला तर घरी येईपर्यंत तेच बोलणं.

मुलगा सीडीएसची, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायची, लेखी परीक्षा पास झाला. भोपाळला मुलाखतीचं बोलावणं आलं. भाऊजींना निवृत्त होऊन ११ वर्षं झाली, तरी दर रविवारी ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बूट पॉलिश करतात. आधी ब्रश, मग ओलं फडकं, मग टाचेची कड बोटाने. त्या रविवारी वर्तमानपत्रावर दोन जोड होते. मुलगा भोपाळला गेलाच नाही.

गौरीच्या दिवशी पानं वाढलेली असताना भाऊजींनी विचारलं, का नाही गेलास? तो गप्प. परत विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर तो म्हणाला, "बाबा, मी गे आहे. तिथे जन्मभर लपवून राहावं लागेल. ते मला जमणार नाही." माझी बहीण तूप वाढत होती. ती तशीच वाकून उभी राहिली आणि चमच्यातलं तूप पोळीवर न पडता पाटावर ठिबकत राहिलं.

मग भाऊजींचा आवाज चढला. नको ते शब्द निघाले, ते इथे सांगत नाही. आणि मध्येच माझी नात, नऊ वर्षांची, अगदी मदत करायच्या स्वरात म्हणाली, "पण काकाने सांगायचंच कशाला? कोणी विचारलंच नाही तर?"

सगळ्यांना हायसं वाटलं. भाऊजी म्हणाले, "बघ, एवढ्याशा पोरीला कळतं." आणि मी, ३२ वर्षं शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवलेली बाई, मीही मान हलवली. भाचा पानावरून उठला.

नातीने जे सुचवलं, तो अमेरिकेने १९९३ साली रीतसर नियम केला होता. वरिष्ठांनी विचारायचं नाही, सैनिकाने सांगायचं नाही. ऐकायला किती समजूतदार वाटतं! पण कोणाचं पत्र सापडलं, कोणी चहाडी केली, की चौकशी आणि घरची वाट. सप्टेंबर २०११ मध्ये तो नियम संपला, तोवर १३,००० हून जास्त माणसं सैन्यातून गेली होती. युद्ध चालू असताना अरबी जाणणारे दुभाषेसुद्धा त्यांत काढले. ब्रिटनमध्ये तर उघड बंदीच होती, ती जानेवारी २००० मध्ये उठली. त्यांनी मग सगळ्यांना एकच नियम लावला: कोण कसा आहे ते बघायचं नाही, वागतो कसा ते बघायचं. आणि २०२३ मध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी, ऋषी सुनक यांनी, ज्यांना हाकललं होतं त्यांची संसदेत माफी मागितली.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध वगळले. चारच महिन्यांनी तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत म्हणाले की सैन्यात हे चालू देणार नाही. सैन्याचा कायदा १९५० चा. त्याच्या कलम ४६ मध्ये 'अनैसर्गिक' लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद लिहिलेली आहे, आणि सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालायची मुभा घटनेनेच संसदेला दिली आहे. म्हणजे भाच्याची भीती मनाची नव्हती.

भाऊजींचं म्हणणं मी नंतर शांतपणे ऐकून घेतलं. ते म्हणाले, "ताई, बंकरमध्ये अंगाला अंग लावून झोपावं लागतं. तिथे भरवसा लागतो." खरं आहे, ते तिथे झोपलेत, मी नाही. पण मी त्यांना विचारलं, ज्याला रोज खोटं बोलायला लावलंय त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? बायकांच्या बाबतीतही असंच सांगितलं होतं ना? जवान खेड्यातले, बाईचा हुकूम मानायला त्यांची मनं तयार नाहीत, असं सरकार न्यायालयात म्हणालं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ते मानलं नाही. आणि खडकवासल्याच्या एनडीएतून, सैन्याच्या प्रशिक्षण प्रबोधिनीतून, मुलींची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली, तेव्हा हेच भाऊजी टीव्हीसमोर सावधान उभे होते. यावर ते काही बोलले नाहीत. पॉलिशची डबी बंद करून आत गेले.

आता मंडळी, थोडं आपल्याबद्दल. रागावू नका. आपल्या वधू-वर मेळाव्यात दरवर्षी दोन-चार मुलं आईवडिलांच्या आग्रहाखातर उभी राहतात, नाव-गाव-पगार सांगतात आणि खाली बसतात. त्यांच्या मनात काय आहे याचा अंदाज आपल्यातल्या काहींना असतो. तरी आपण स्थळं सुचवतो. कोणाच्या घरी कळलंच, तर "आमचं काही म्हणणं नाही हो, फक्त बोभाटा नको" म्हणतो आणि त्याला मोठं मन समजतो. मीही हेच म्हणत आले. अशा मुलाशी लग्न लावून दिलेल्या मुलीचं काय होतं, ते आपण पुढे कधी विचारलं का? दोन घरं तर मला माहीत आहेत. तुम्हालाही असतील.

भाचा आता पुण्यात नोकरी करतो. आईला रोज फोन करतो. भाऊजी फोन घेत नाहीत, पण आवाज स्पीकरवर ठेवायला सांगतात. त्याचे बूट अजून ओसरीवरच आहेत.

मला घोर लागलाय तो मात्र नातीचा. त्या दिवशी पाटावर बसून ती आमच्याकडून जे शिकली, ते परत कसं काढायचं? मी तिला नंतर समजावलं, की काकाने सांगितलं ते बरं केलं, चूक आमची होती. तिने ऐकून घेतलं. परवा तिला शाळेतून आणत होते. एरवी रिक्षात तोंड बंद नसतं, परवा सगळा रस्ता बाहेर बघत बसली. मी विचारलं, काय झालं गं? म्हणाली, "काही नाही, आजी."