अर्ज घ्यायचाच नाही

मंडळी, पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय छापलाय, 'अमेरिकेतला गुलामगिरीचा वाद : दोन बाजू'. माझं भांडण त्या 'दोन'शीच आहे. इतकी वर्षं इतिहासाचे पेपर तपासले. उत्तरपत्रिकेत ठरलेला तक्ता असायचा: डावीकडे उत्तरेतली राज्यं, गुलामगिरीच्या विरोधात, उजवीकडे दक्षिणेतली, बाजूने, मध्ये उभी रेघ. नमुना उत्तर तेच, म्हणून पूर्ण गुण द्यावे लागत, आणि दरवेळी मला ते टोचायचं. कारण ती रेघ उत्तरेच्या पोटातूनही जात होती. १८३५ साली गुलामगिरीविरोधी वृत्तपत्र चालवणाऱ्या विल्यम लॉईड गॅरिसनला दोर बांधून रस्त्यावरून ओढत नेलं ते बॉस्टनमध्ये, आणि त्या जमावात बॉस्टनचेच चांगल्या कपड्यातले, प्रतिष्ठित लोक होते. गिरण्या उत्तरेत आणि कापूस दक्षिणेतला, हे लक्षात घ्या.

आता जॉन क्विन्सी ॲडम्सची गोष्ट. हा माणूस राष्ट्राध्यक्ष होऊन गेला आणि नंतर साधा प्रतिनिधी म्हणून निवडून आला. १८३६ च्या मे महिन्यात प्रतिनिधिगृहाने ठराव केला की गुलामगिरीविषयीचा अर्ज आला तर तो छापायचा नाही, त्यावर चर्चा करायची नाही, तसाच बाजूला सारायचा. 'गॅग रूल' म्हणतात तो हाच. तोंडात बोळा! आणि हे अर्ज कोण पाठवत होतं? गावोगावच्या बायका. मताचा अधिकार नाही, सभागृहात जागा नाही. मग दारोदार हिंडून सह्या गोळा करायच्या. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या 'सदाचारी' लोकांना अर्पण केली, तेव्हा त्या लोकांत मला तरी या बायका दिसतात.

तर ६ फेब्रुवारी १८३७. एकोणसत्तर वर्षांचे ॲडम्स उभे राहिले. म्हणाले, माझ्याजवळ एक कागद आहे, खाली बावीस जणांची नावं आहेत आणि ते स्वतःला गुलाम म्हणवतात. हा अर्ज आपल्या नियमात बसतो का? अध्यक्षस्थानी जेम्स पोक, टेनेसीचे, स्वतः गुलाम बाळगणारे. सभागृहात एकच गदारोळ उठला. निषेध करा, हाकलून द्या, कागद जाळा! अजून आत काय लिहिलंय हे कोणी पाहिलेलंच नव्हतं. मग ॲडम्सनी सांगितलं, यांची मागणी गुलामगिरी बंद करू नका अशी आहे. (हशा) हसू नका, पुढचं ऐका. तो कागद बनावट असावा अशी शंका ॲडम्सना होतीच. पण त्यांना मजकुराशी काय करायचं होतं? गुलाम तोंड उघडू शकतो का, एवढंच त्यांना सभागृहाकडून वदवून घ्यायचं होतं. अनेक दिवस वाद चालला. ॲडम्सच्या निषेधाचा ठराव फेटाळला गेला. पण गुलामाला अर्ज करण्याचा हक्क नाही, हे सभागृहाने ठरावाने नोंदवलं.

आणि त्याच दिवशी सिनेटमध्ये, अर्जांचाच विषय चालू असताना, दक्षिणेतले सिनेटर जॉन कॅल्हून म्हणाले की गुलामगिरी ही वाईट गोष्ट नव्हेच, ती चांगली गोष्ट आहे. जेफरसनच्या, म्हणजे देश उभा करणाऱ्या पिढीने गुलाम ठेवले, पण निदान त्याला पाप तरी म्हटलं होतं. मधल्या काळात कापसातली सरकी काढणारं जिन यंत्र आलं, कापसाचा पैसा आला आणि भाषा फिरली.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं म्हणतायत. बरं, भरभर सांगतो. बोळा निघाला डिसेंबर १८४४ मध्ये. गुलामगिरीच्या विरोधकांतही फूट होतीच. गॅरिसन म्हणत, राज्यघटनाच गुलामगिरीशी केलेला करार आहे. ४ जुलै १८५४ ला त्यांनी घटनेची प्रत सर्वांसमक्ष जाळली. गुलामगिरीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस १८५१ पासून उलट म्हणू लागले: घटनेत 'गुलाम' हा शब्दच नाही, मग ती आपलं हत्यार का नसावी? यावरून दोघांची मैत्री तुटली. लिंकन तर १८५८ सालीही म्हणत होते की गुलामगिरी जिथे आहे तिथे हात लावणार नाही, पण नव्या प्रदेशात ती जाऊ देणार नाही. तक्त्यात यांना कुठे बसवायचं?

शेवटचं एकच. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामाचा निवाडा करणाऱ्या कमिशनरला मेहनताना ठरवला होता: माणूस मालकाच्या हवाली केला तर दहा डॉलर, सोडला तर पाच. या कायद्याखाली १८५४ साली अँथनी बर्न्स या जेमतेम विशीतल्या तरुणाला सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेलं, व्हर्जिनियाला परत धाडायला. शहर तेच, बॉस्टन. इमारतींवर काळं कापड सोडलेलं, आणि स्टेट स्ट्रीटवर 'स्वातंत्र्य' असं लिहिलेली एक शवपेटी टांगलेली.