सुबारू: इंजिन झोपलेलं, चाकं चारही जागी

बॉस्टन, डेन्व्हर, मिनियापोलिस अशा बर्फाच्या गावांत जुनी गाडी शोधायला निघालं की सुबारूबद्दल दोन टोकांची मतं हमखास कानावर येतात. एक मालक सांगतो, दोन लाख मैल झाले, गाडीनं कधी त्रास दिला नाही. दुसरा सांगतो, लाखभर मैलांतच हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या सांध्यातलं पॅकिंग) गेलं, आता त्या कंपनीचं नाव नको. दोघंही खरंच बोलत असतात. सुबारूचं कौतुक ज्या मांडणीमुळे होतं, तिच्या बहुतेक तक्रारींचं मूळही त्याच मांडणीत आहे. सिलिंडर झोपवलेलं बॉक्सर इंजिन आणि चारही चाकांना मिळणारी ताकद, ही ती मांडणी. आजचं बोलणं बहुतेक तिच्याचभोवती आहे.

इतिहास थोडक्यात घेऊ. १९१७ साली नौदलातून बाहेर पडलेल्या चिकुहेई नाकाजिमा यांनी गुन्मा प्रांतातल्या ओता इथे विमानांचा उद्योग सुरू केला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याची हायाबुसा विमानं तिथे बनली आणि मित्सुबिशीच्या झीरो विमानाचं साकाए इंजिनही नाकाजिमाचंच. युद्ध संपल्यावर विमानं बनवायला बंदी आली आणि कंपनीचे तुकडे झाले. हेच इंजिनियर मग रॅबिट नावाच्या स्कूटर बनवू लागले. कंपनीच्या तुकड्यांपैकी पाच पुढे १९५३ साली स्थापन झालेल्या फुजी हेवी इंडस्ट्रीजमध्ये एकत्र आले. बिल्ल्यावरचा एक मोठा तारा आणि पाच छोटे तारे ते हेच. सुबारू हे या कंपनीच्या गाड्यांचं नाव, म्हणजे आपल्या कृत्तिका.

१९५८ साली आलेली सुबारू ३६० ही पहिली खरी यशस्वी गाडी. ३५६ सीसीचं, हवेनं थंड होणारं टू-स्ट्रोक इंजिन मागे, आणि ताकद १६ हॉर्सपॉवर. जपानच्या गल्लीबोळांत ती उत्तम चालली. १९६८ मध्ये माल्कम ब्रिकलिन आणि हार्वी लॅम यांनी सुबारू ऑफ अमेरिका काढून हीच गाडी अमेरिकेत आणली आणि तिथे ती सपशेल पडली. ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या कन्झ्युमर रिपोर्ट्स मासिकानं १९६९ साली तिला ‘अस्वीकारार्ह’ ठरवलं. हायवेवर तेवढ्याशा जिवाची गाडी चालवणं धोक्याचंच होतं, त्यामुळे या निकालात अन्याय काही नव्हता.

आपल्या कामाची गोष्ट १९६६ पासून सुरू होते. त्या साली आलेल्या सुबारू १००० मध्ये पाण्यानं थंड होणारं बॉक्सर इंजिन पुढे बसवलं आणि पुढच्याच चाकांना ताकद दिली. इंजिन गाडीच्या लांबीत, त्याच्या पाठीला गिअरबॉक्स, आणि पुढच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच कवचात. या मांडणीत गिअरबॉक्समधून मागे एक शाफ्ट काढला की मागची चाकंही चालवता येतात. फार उलथापालथ करावी लागत नाही. तोहोकू इलेक्ट्रिक पॉवर या वीज कंपनीला बर्फात तारा-खांबांच्या दुरुस्तीला जाणारी, पण जीपपेक्षा उबदार गाडी हवी होती. तिच्यासाठी सुबारूच्या एफएफ-१ व्हॅनला मागची चाकं जोडून पाहिली आणि त्यातून १९७२ मध्ये लिओनी एस्टेट व्हॅनचा फोर-व्हील ड्राइव्ह अवतार बाजारात आला. म्हणजे आज डेन्व्हरच्या पार्किंग लॉटमध्ये दर चौथ्या ओळीत दिसणाऱ्या सुबारू आउटबॅकचं मूळ लाइनमनच्या गरजेत आहे, रॅलीच्या मैदानात नाही. रॅली नंतर आली. १९९५, ९६ आणि ९७ अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद सुबारूकडे होतं. इम्प्रेझाची निळी-पिवळी गाडी तेव्हापासून पोरांच्या भिंतीवर चढली.

भारताचा संबंध एवढाच, की १९९९ ते २००५ या काळात जनरल मोटर्सकडे फुजीचे २० टक्के शेअर होते आणि त्या नात्यानं फॉरेस्टर आपल्याकडे शेवरोलेचा बिल्ला लावून आली. जनरल मोटर्स बाहेर पडल्यावर टोयोटा आत आली. आज टोयोटाकडे २० टक्के वाटा आहे आणि २०१७ पासून कंपनीचं नावही सुबारू कॉर्पोरेशन झालं आहे.

आता इंजिन. बॉक्सरमध्ये समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर जातात आणि एकाच वेळी आत येतात, त्यामुळे एकाचा धक्का दुसरा खाऊन टाकतो. इंजिन बुटकं असल्यानं वजन खाली राहतं आणि वळणावर गाडी कमी झुकते. मालक म्हणतात की गाडी रस्त्याला चिकटून चालते, त्यात भाबडेपणा नाही, ते खरंच आहे.

पण उभ्या इंजिनात हेड गॅस्केट आडवं पडलेलं असतं, इथे ते उभं असतं. इंजिन बंद केल्यावरही तेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) खालच्या कडेला साचून राहतात आणि कड सतत भिजलेली राहते. त्यात ईजे-२५ या २.५ लिटर इंजिनाची स्वतःची अडचण होती. दोन लिटरच्या ईजे-२० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९२ मिलिमीटर, २.२ लिटरच्या ईजे-२२ चा ९६.९, आणि ईजे-२५ चा ९९.५. शेजारच्या दोन सिलिंडरांच्या मध्यातलं अंतर मात्र तिन्हींत तेच. बोअर वाढला तो मधल्या भिंतीची जाडी खाऊन. गॅस्केटला पकडायला जागाच कमी उरली. म्हणून जुने मेकॅनिक ईजे-२२ चं नाव काढलं की आदरानं कानाला हात लावतात, आणि ईजे-२५ म्हटलं की आधी कूलंटची बाटली बघतात.

ईजे-२५ ची दुखणी दोन प्रकारची. साधारण १९९६ ते ९९ मधल्या डबल कॅमच्या (प्रत्येक हेडमध्ये व्हॉल्व्ह उघडणारे दोन कॅमशाफ्ट असलेल्या) इंजिनात गॅस्केट आतून फुटतं. जळता वायू कूलंटमध्ये शिरतो, एक्स्पान्शन बाटलीत बुडबुडे येतात, कडेला काळपट तवंग धरतो आणि चढावर तापमानाचा काटा वर जातो. गावात पंधरा मिनिटं फिरवून हे कळत नाही, हायवेवर चांगलं अर्धा तास चालवून मग बाटली बघायची. खात्री हवी असेल तर रेडिएटरच्या तोंडावर निळं रसायन भरलेली टेस्टरची नळी धरतात. जळका वायू असेल तर ते पिवळं पडतं. त्यानंतरच्या सिंगल कॅमच्या इंजिनात, म्हणजे साधारण २००० ते २०१० पर्यंत, गॅस्केट बहुधा बाहेरून पाझरतं. गाडी तापत नाही, फक्त हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर खालच्या बाजूनं ओल दिसते आणि एक्झॉस्टवर तेल पडून जळका वास येतो. अशी गाडी अनेक जण नुसतं तेल-पाणी वर टाकत वर्षानुवर्षं चालवतात. आतून फुटलेल्या गाडीबाबत तो धीर धरू नये, हेड वाकतं.

काम करायचं ठरलं तर इंजिन उतरवूनच करा. गाडीत ठेवून हेड काढता येतं, पण सांध्याचा पृष्ठभाग धड साफ होत नाही, आणि वर्षभरात तेच काम पुन्हा काढावं लागतं. मूळ गॅस्केट एका थराचं, ग्रॅफाइटचा लेप दिलेलं होतं. टर्बो इंजिनात वापरतात तसं अनेक पोलादी थरांचं गॅस्केट घालावं. पोलादी थर ग्रॅफाइटसारखे खाचाखोचा भरत नाहीत, म्हणून हेड मशीनशॉपमध्ये सपाट करून घेणं टाळू नका. जुन्या मॅन्युअलमध्ये हेडच्या बाकाची मर्यादा ०.०५ मिलिमीटर होती. ब्लॉकवर गोल फिरणारी ग्राइंडरची चकती लावणाऱ्या गॅरेजात गाडी देऊ नये. ॲल्युमिनियमला खड्डे पडतात आणि ती धूळ बेअरिंगांत जाते.

इंजिन बाहेर आहेच तर टायमिंग बेल्ट, त्याला ताण देणारा टेन्शनर, बेल्ट ज्यांवरून फिरतो ते सगळे आयडलर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलावे. १,०५,००० मैल किंवा १०५ महिने, जे आधी येईल ते, ही बेल्टची मुदत. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. प्रत्यक्षात बेल्टच्या आधी दातांचा आयडलर किंवा टेन्शनर जाम होतो, त्यामुळे नुसता बेल्ट बदलल्याचं बिल कुणी दाखवलं तर काम अर्धंच झालं आहे असं समजा. शेवटी कूलंट भरताना घाई करायची नाही. नाक वर करून गाडी उभी करा, रेडिएटरच्या वरच्या होजमधून आधी इंजिन भरा, हवा काढायचा स्क्रू उघडा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. आत हवा राहिली तर नवं गॅस्केटही पहिल्याच आठवड्यात तापतं.

चार चाकांच्या ताकदीचं दुखणं टायरमधून येतं, आणि ते बहुतेक मालकच ओढवून घेतात. एका टायरला खिळा लागला, तो एकच नवा टाकला, झालं. चारही टायरांच्या घेरात पाव इंचाहून, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरहून जास्त फरक नसावा. नक्षीत एक मिलिमीटरचा फरक पडला की घेरात सव्वासहा मिलिमीटरचा पडतो, म्हणजे नवा आणि अर्धा झिजलेला टायर शेजारी चालूच शकत नाहीत. सरळ रस्त्यावरही पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरत राहतात आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा मधला क्लच किंवा व्हिस्कस कपलिंग सतत घसरून तापतं. मग मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवलं की गाडी अडखळते, उड्या मारते. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये बॉनेटखाली ‘एफडब्ल्यूडी’ (फक्त पुढच्या चाकांना ताकद) लिहिलेला रिकामा फ्यूज-खाना असतो. त्यात फ्यूज घातला आणि अडखळणं थांबलं तर तो क्लच आणि त्याचा सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) अजून सुटतात, आणि गिअरचं तेल बदलून सुरुवात करता येते. थांबलं नाही तर सोलेनॉइड बिघडलेला किंवा क्लच यंत्रानंच चिकटलेला असतो, तिथे खर्च मोठा. एकच टायर घ्यावा लागला तर नवा टायर तासून जुन्यांच्या मापाला आणून देणारी दुकानं अमेरिकेत आहेत, तेवढे जास्तीचे पैसे द्यावेत. आणि एक, चारही चाकांची ताकद गाडी पळवते, थांबवत नाही. बर्फात थांबायला हिवाळी टायरच लागतात.

२०१० पासून आलेल्या एफबी इंजिनात टायमिंग चेन आली आणि गॅस्केटची तक्रार जवळपास मिटली, तर तेल पिण्याची सुरू झाली. २०११ ते १४ ची फॉरेस्टर, २०१३ ची लेगसी आणि आउटबॅक, २०१२-१३ ची इम्प्रेझा आणि २०१३ ची क्रॉसट्रेक यांबद्दल खटला झाला आणि २०१६ च्या तडजोडीत कंपनीनं वॉरंटी ८ वर्षं किंवा १,००,००० मैलांपर्यंत वाढवली. ती मुदत आता संपली आहे, म्हणून यातली गाडी घेताना ऑइल बदलण्याच्या आधी डिपस्टिक बघा. गाडी सपाट जागी रात्रभर उभी असावी. नुकतंच बंद केलेल्या बॉक्सरमध्ये हेडमधलं तेल परतायला वेळ लागतो आणि काठीच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या खुणा दिसतात. अशा वेळी खालची खूण खरी धरावी. घेतल्यावर तेल बदलून पातळी लिहून ठेवा आणि १,२०० मैलांनंतर पुन्हा मोजा.

नव्या गाड्यांबद्दल मालकांचं मत बहुतांशी चांगलं आहे. मोठ्या काचा, २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स, आणि आयसाइट या कॅमेऱ्यांवर चालणाऱ्या यंत्रणेचे आपोआप लागणारे ब्रेक वेळेवर लागतात हे कौतुक वारंवार ऐकू येतं. कुरकुर आहे ती सीव्हीटी या पायऱ्या नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या एकसुरी घुंईची, चढावर कमी पडणाऱ्या साध्या २.५ इंजिनाची आणि २०२० ते २५ च्या आउटबॅकमध्ये एसीसुद्धा पडद्यावर नेऊन ठेवल्याची. ती शेवटची तक्रार अगदी रास्त आहे, हातमोजे घालून तो पडदा वापरून बघा. समोरची काच तडकण्याचीही तक्रार आहे, आणि तिथे खर्च दुप्पट होतो. आयसाइटचे दोन्ही कॅमेरे त्या काचेच्या मागेच बसतात, त्यामुळे काच बदलली की त्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे नेम पुन्हा जुळवणं, करावंच लागतं. विमा घेताना काचेच्या कलमात कॅलिब्रेशन धरलं आहे का, हे एजंटकडून लेखी घ्या.