बटाटेवाल्याची मोजणी

श्रोतेहो, नमस्कार.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती? लातूरला नीटची तयारी करणारं कुठलंही पोरगं मध्यरात्री उठवून विचारा, डोळे न उघडता सांगेल, ४६. आईकडून २३, बापाकडून २३. पण हेच पोरगं १९५० साली परीक्षेला बसलं असतं, तर ४६ लिहिल्याबद्दल त्याचे गुण कापले गेले असते. पुस्तकात तेव्हा ४८ छापलेलं होतं. अमेरिकेत टेक्सासच्या थिओफिलस पेंटर यांनी १९२३ साली ४८ सांगितली आणि पुढं तीस वर्षं जगभर ४८च चालली.

गुणसूत्र म्हणजे डीएनएचा लांब धागा, त्यावर जागोजागी जनुकं. जनुक म्हणजे शरीराची एकेक सूचना लिहिलेला धाग्याचा तुकडा. एक धागा, एक गुणसूत्र. पेशी दुभंगायला लागली की हे धागे आखडून जाड होतात आणि तेवढ्यापुरतेच सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. एवढं पुरे.

आता मोजणाऱ्याकडं येऊ. जो हिन त्जियो. जावा बेटावरच्या चिनी कुटुंबात जन्मलेला. शिक्षण शेतीचं, काम बटाट्याच्या वाणांचं. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्याला छावणीत डांबलं. युद्ध संपल्यावर युरोप गाठलं, स्पेनमध्ये सारागोसाला पिकांच्या संशोधनात नोकरी धरली. आणि सुट्टी लागली की हा गडी स्वीडनला, लुंडच्या प्रयोगशाळेत जायचा, काम करायला! तिथले अल्बर्ट लेवान हेही मूळचे कांद्याच्या मुळांतली गुणसूत्रं बघणारे. म्हणजे एक बटाटेवाला, एक कांदेवाला. पोरगं कृषीला गेलं म्हणजे मेडिकल हुकलं, असं तोंड पाडून सांगणाऱ्या पालकांनी जरा कान देऊन ऐकावं.

त्यांच्याकडं दोन युक्त्या होत्या. पहिली, कोल्चिसिन. हे विष आपल्या बांधावरच्या कळलावीच्या कंदातही असतं. जुनी माणसं पोरांना त्या वेलाला हात लावू देत नसत ते उगाच नाही. ते पेशीला दिलं की विभाजन अर्ध्यावर अडकतं आणि आखडलेली गुणसूत्रं तशीच राहतात. दुसरी युक्ती पाण्याची. क्षार कमी असलेल्या पाण्यात पेशी ठेवल्या की रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या टम्म फुगतात आणि आतली गुणसूत्रं सुटी होतात. ही पाण्याची युक्ती अमेरिकेतल्या टी. सी. श्यू यांना योगायोगानं सापडली होती. गंमत बघा, १९५२ साली सुट्या झालेल्या गुणसूत्रांकडं बघूनसुद्धा श्यू यांनी मोजली ४८! पुस्तकात ४८ होती ना.

२२ डिसेंबर १९५५. लुंडची थंडी, रात्रीचे दोन वाजलेले. त्जियोनं मोजली, ४६ भरली. दुसरी पेशी घेतली, ४६. तिसरी घेतली, तरी ४६. स्वीडनमध्येच काहींनी आधी यकृताच्या पेशी पाहिल्या होत्या. त्यांनाही ४६च मिळत होती. दोन कुठं गेली ते कळेना, म्हणून बिचाऱ्यांनी कामच सोडून दिलं. त्जियोनं सोडलं नाही. १९५६ साली निबंध छापून आला. त्यावर पहिलं नाव कुणाचं, यावरून खटका उडाला. प्रयोगशाळा लेवान यांची, रिवाजाप्रमाणं नाव त्यांचं आधी. त्जियो म्हणाला, तसं असेल तर काम केराच्या टोपलीत टाकतो, असं सांगतात. शेवटी नाव त्याचंच पहिलं लागलं. आपल्याकडं असं बोलणारे किती निघतील, ते श्रोत्यांनीच ठरवावं.

४८ नाही, ४६. हा आकडा बसला म्हणूनच १९५९ साली पॅरिसमध्ये डाउन सिंड्रोमच्या, म्हणजे जन्मतःच वाढ आणि बुद्धी मंदावलेल्या मुलांत ४७वं गुणसूत्र ओळखता आलं.

आकड्यांचंच निघालं म्हणून सांगतो, देशी कापसात २६ गुणसूत्रं, अमेरिकन कपाशीत ५२. दोन्हींचा सरळ संकर केला तर झाड वांझ निघतं. बीटी आली २००२ साली, तीही अमेरिकन कपाशीत. परभणीच्या कृषी विद्यापीठानं देशी वाण सांभाळलेत. हलक्या कोरडवाहू रानात देशीच लावावी, हे माझं जुनं म्हणणं. दुकानात मागून बघा, दुकानदार तुमच्या तोंडाकडं बघत राहील.

असो. २००३ साली मानवी जनुकसंच, म्हणजे माणसाचा सगळा डीएनए, वाचून झाला असं जाहीर झालं, तरी सुमारे ८ टक्के भाग राहिलाच होता. तो २०२२ साली भरून निघाला, आणि पुरुषाचं वाय गुणसूत्र २०२३ साली अथपासून इतिपर्यंत वाचलं गेलं. आता नुसतं वाचन नाही, दुरुस्तीही सुरू आहे. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेनं जनुक-संपादनातून, म्हणजे जनुकात नेमका बदल करून काढलेला ‘कमला’ हा भाताचा वाण २०२५ साली जाहीर झाला. सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. त्यावरच्या अशाच उपचाराला २०२३ साली ब्रिटन-अमेरिकेत परवानगी मिळाली. त्यात जन्मानंतर बंद पडणारं, गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतात. अमेरिकेतला खर्च मात्र बावीस लाख डॉलर.

तेव्हा सिकलसेल आढळणाऱ्या किनवट-माहूरकडं आज उपयोगी पडते ती साधी रक्ततपासणी. वाहक, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच बिघडलेलं जनुक आलेला माणूस, धडधाकट दिसतो, तपासल्याशिवाय कळत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. आणि ही शक्यता प्रत्येक खेपेला, पुन्हा सांगतो, प्रत्येक खेपेला तेवढीच. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब धरू नका.

नमस्कार.