जिथपर्यंत कळलं, तिथपर्यंत सांग

(सकाळ. कमाटीबागेवरून जाणाऱ्या स्कूटर. मागे आर्ट्स फॅकल्टीचा घुमट.)

बडोद्यातल्या मराठी घरातला मुलगा कॉलेजात पोचेपर्यंत तीन भाषा बोलून झालेला असतो. आईशी मराठी, दांडिया बाजारात रिक्षावाल्याशी गुजराती, मित्रांशी हिंदी. आणि वर्गात शिरला की चौथी. महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवायचं माध्यम इंग्रजी आहे. शंका मनात मराठीतच उठते, विचारायची मात्र इंग्रजीत. ती शब्द शोधत असते, तोवर फळा पुसला जातो.

(रिकामा वर्ग. बाकांवर कोरलेली नावं.)

"एनी डाउट्स?" सर विचारतात. साठ जण गप्प. सर पुढे सरकतात.

या गप्प राहण्याचा काळ मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी मोजला होता. १९७०च्या दशकात, शाळांच्या विज्ञानाच्या तासांना. प्रश्न विचारल्यावर शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, असं त्यांना आढळलं. तोच काळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबली, "माहीत नाही" कमी झालं, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. त्या वर्गांत शिकवायची भाषा एकच होती. आमच्याकडे त्या एका सेकंदात मनातल्या मनात भाषांतरही उरकायचं असतं. मला तर तीन सेकंदही कमीच वाटतात.

(घुमटाच्या आतली बाजू, वर पाहताना.)

आजच्या या विद्यापीठाचं मूळ म्हणजे बडोदा कॉलेज, १८८१चं. श्री अरविंद १८९३मध्ये बडोद्याच्या सेवेत आले आणि पुढे याच कॉलेजात फ्रेंच आणि इंग्रजी शिकवू लागले. इथली मुलं प्राध्यापकाचा शब्द न् शब्द उतरवून घेतात आणि पाठ करतात, याचं त्यांना नवल वाटे. एकदा नेल्सनच्या चरित्रावर ते बोलत होते. मुलं म्हणाली, तुम्ही सांगता ते नोट्सशी जुळत नाही. त्यांनी सांगितलं, मी त्या नोट्स वाचलेल्याच नाहीत. सव्वाशे वर्षं होत आली, तरी ही गोष्ट ऐकताना आपलाच वर्ग डोळ्यांपुढे येतो. पण त्या मुलांचं मला एक फार आवडतं: पटलं नाही, तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं.

(कलाभवनाची इमारत.)

भाषेचा अडथळाही इथे कुणाला दिसला नव्हता असं नाही. याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या त्रिभुवनदास गज्जरांनी सयाजीराव महाराजांच्या पाठबळावर १८९०मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली. हाताने काम करणाऱ्याला तंत्रज्ञान त्याच्या भाषेतून मिळालं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. रंग कापडावर का बसतो, हे ज्याला आपल्या बोलीत विचारता येतं, तो पुढचा प्रश्नही विचारतो.

(कॉरिडॉर. दुपार. खिडकीतून कडुनिंब.)

आता माझं सांगते. माझं कॉलेज कोणतं, त्याला महत्त्व नाही. पहिल्या वर्षाला संख्याशास्त्राच्या तासाला मी हात वर केला. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, काढताना फरकांचा वर्ग कशासाठी करायचा, एवढंच विचारायचं होतं. वाक्य मध्येच अडकलं. सर म्हणाले, "इतकंही कळत नाही?" वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी त्या तासाला हात वर केला नाही. गुण मिळाले, सूत्र पाठ होतं. पण फरकांचा वर्ग कशासाठी करायचा, ते मला कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी एका मॅडमनी मला तासानंतर थांबवून घेतलं. "समजलं का?" असं त्या कधीच विचारत नसत. त्या म्हणायच्या, "जिथपर्यंत कळलं, तिथपर्यंत सांग." मी सांगितलं, सरासरीपासून प्रत्येक आकड्याचा फरक काढायचा, इथपर्यंत. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर तीन आकडे लिहिले. दोन, चार, नऊ. सरासरी पाच. फरक उणे तीन, उणे एक, अधिक चार. "कर बेरीज." शून्य आली. "आता दुसरे कुठलेही आकडे घे." पुन्हा शून्य. मग त्या गप्प बसल्या. बराच वेळ. आणि मीच म्हणाले, मग उणे चिन्ह घालवायला हवं ना, नाहीतर पसारा दिसणारच नाही!

हे सगळं मराठीत, मध्ये थोडी गुजराती. दहा मिनिटं लागली असतील. वर्षभर जे नुसतं पाठ होतं, ते त्या दिवशी माझं झालं.

(मोबाइलचा पडदा. संदेशांची रांग.)

आज वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो. बऱ्याचदा त्यात फक्त अ‍ॅडमिनलाच लिहिता येतं. पीडीएफ येते, खाली अंगठे उमटतात. शंका मात्र रात्री अकराला, पर्सनलवर. तीच शंका सहा जण वेगवेगळी विचारतात, आणि आपल्यासारखेच आणखी पाच जण अडलेत हे कुणालाच कळत नाही. ती भर वर्गात विचारली गेली असती, तर प्रत्येकाला वाटणारी लाज सहा जणांत वाटली गेली असती. म्हणून ते ग्रुप उघडा ठेवा, असं मी प्राध्यापकांना मनापासून सांगते. चार निरर्थक संदेश आले तरी येऊ देत.

विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या महाविद्यालयीन वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र करून २०१४मध्ये एक निष्कर्ष निघाला: नुसतं व्याख्यान चालणाऱ्या वर्गांत नापास होण्याची शक्यता, मुलांना बोलतं करणाऱ्या वर्गांच्या दीडपट. दीडपट म्हणजे कुणाचं तरी वर्ष, कुणाच्या तरी घरची फी.

(फाइन आर्ट्सचं आवार. इझल, रंगाचे डाग.)

फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५०ची. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे तिथे शिकवायला आले आणि १९६६पर्यंत राहिले. शिकवणारा स्वतःही चित्रकार, त्याचंही चित्र अडतं, बिघडतं. चुकणारा गुरू समोर पाहिला की शिष्याला आपली चूक दाखवायला भीती कमी वाटते.

(पुन्हा वर्ग. या वेळी भरलेला.)

हे सर तरुण आहेत. प्रश्न विचारून झाल्यावर ते खडू टेबलावर ठेवतात आणि हात मागे घेऊन उभे राहतात. एक. दोन. तीन. पंख्याचा आवाज. चार. चौथ्या बाकावरची मुलगी अर्धवट उठते.

"सर, अर्धं गुजरातीत विचारलं तर चालेल?"

"चालेल. बोल."