चंगीझखानाच्या घरातली भाऊबंदकी

[दृश्य: गोठलेली नदी. वारा. दूरवर घोड्यांच्या टापा.]

जानेवारी १२६३. कॉकेशस पर्वताच्या उत्तरेला तेरेक नदी गोठली आहे. तिच्यावरून एक मोठं घोडदळ घाईघाईने माघारी फिरतंय आणि पाठीवर शत्रू आहे. एवढं वजन बर्फाला पेलत नाही. तो फुटतो आणि घोड्यांसकट स्वार पाण्यात जातात.

बुडणारे मंगोल होते. पाठलाग करणारेही मंगोलच. बुडालेलं सैन्य हुलागूचं, म्हणजे पाच वर्षांपूर्वी बगदाद घेऊन खलिफाला मारणाऱ्या हुलागूचं. जिंकलेलं सैन्य बर्केचं. हे दोघं चंगीझखानाचे नातू, सख्खे चुलतभाऊ. रणांगण पाहून बर्के हळहळला, असं अरब इतिहासकार सांगतात. मंगोल मंगोलांच्याच तलवारीने मेले. एकत्र राहिलो असतो तर सगळी पृथ्वी जिंकली असती, अशा अर्थाचं काहीसं तो म्हणाला म्हणे. युद्ध मात्र त्याने थांबवलं नाही.

[दृश्य: चार रंगांत रंगवलेला आशियाचा नकाशा.]

शाळेच्या पुस्तकातला हा नकाशा आपण पाहिलेला असतो. मंगोल साम्राज्याचे चार तुकडे, चार स्वच्छ रंग: चीनमध्ये युआन, इराणात इल्खान, मध्य आशियात चगताई, रशियाच्या गवताळ प्रदेशात गोल्डन होर्ड. जणू कुणीतरी सुरीने भाकरीचे चार चतकोर केले. मला या नकाशाचा थोडा रागच आहे. कारण इतकी स्वच्छ वाटणी झाली असती, तर कदाचित इतकं रक्त सांडलंच नसतं.

खरी वाटणी कशी होती, ते समजायला आपल्याला नकाशापेक्षा सातबारा जास्त उपयोगी पडेल. तोही सामाईक, एकाच गटावर सगळ्या भावांची नावं असलेला.

चंगीझखान १२२७ मध्ये वारला. पट्टराणी बोर्ते हिच्यापासून त्याला चार मुलगे: जोची, चगताई, ओगेदेई आणि तोलुई. प्रत्येकाला त्याने ‘उलुस’ दिला. उलुस म्हणजे मुळात जमीन नव्हे, माणसं. अमुक इतकी कुटुंबं, त्यांची गुरं, त्यांची चराई. थोरल्याला सर्वांत लांबचं, पश्चिमेचं कुरण. धाकट्या तोलुईकडे घरची चूल, म्हणजे मंगोलियातला मूळ मुलूख आणि बापाच्या सैन्याचा सर्वांत मोठा हिस्सा. आणि मोठा खान कोण? तो मान तिसऱ्याला, ओगेदेईला. थोरल्या जोचीच्या जन्माबद्दल घरातच कुजबूज होती, कारण बोर्तेला शत्रूने पळवून नेलं होतं आणि ती परत आल्यावर लवकरच तो जन्मला होता. चगताईने हे बापासमोर बोलून दाखवलं. घरात उच्चारलेला असा शब्द तिथेच संपत नाही, नातवंडांपर्यंत पोचतो.

पुढे चीन, इराण हे मुलूख हाती आले, ते साऱ्या घराण्याच्या समाईक मालकीचे ठरले. १२३६ मध्ये ओगेदेईने उत्तर चीनमधली कुटुंबं भावाबंदांत वाटली, तेव्हा व्होल्गाकाठी राहणाऱ्या बातूला, म्हणजे जोचीच्या मुलाला, शान्शीतल्या पिंगयांगचं उत्पन्न मिळालं. पुढे इराण जिंकायला निघालेल्या हुलागूलाही चीनमध्ये हिस्सा मिळाला. जोचीच्या वंशजांचा हक्क इराणच्या उत्पन्नावर. म्हणजे प्रत्येकाचा हात दुसऱ्याच्या ताटात. मोठा खान दमदार असेपर्यंत हे निभावलं.

तो दम १२५९ च्या ऑगस्टमध्ये संपला.

[दृश्य: नदीच्या वळणावर उभा डोंगरी किल्ला.]

चीनच्या सिचुआन प्रांतात त्याओयू नावाच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेला मोठा खान मोंगके तिथेच मेला. कुणी म्हणतात साथीच्या रोगाने, कुणी म्हणतात किल्ल्यावरून आलेल्या दगडाने. मोंगके तोलुईचा थोरला मुलगा. आठ वर्षांपूर्वी त्याने ओगेदेईच्या वंशजांना बाजूला सारून, त्यातल्या बऱ्याच जणांना मारून गादी घेतली होती. ती जखम ओली होतीच. त्यात आता त्याचे तीन सख्खे भाऊ तीन दिशांना: हुलागू पश्चिमेला, कुबलाई यांगत्सेच्या काठी लढाईत, आणि धाकटा अरिक बोके मंगोलियात, चुलीपाशी.

कुबलाईला बायकोचा, चाबीचा, निरोप आला: धाकटे दीर सैन्य जमवताहेत. तो लढाई आवरून उत्तरेला परतला आणि १२६० च्या मे महिन्यात चीनच्या हद्दीवरच्या कायपिंगला आपल्या माणसांची कुरुलताई भरवून स्वतःला मोठा खान म्हणवून घेतलं. कुरुलताई म्हणजे घराण्याची सभा. ती मायभूमीत, सगळ्या शाखांसमोर भरायला हवी, हा रिवाज. त्यामुळे अरिक बोकेने महिन्याभरात काराकोरममध्ये दुसरी सभा घेतली आणि तोही मोठा खान झाला. रिवाजाने पाहिलं तर धाकट्याची बाजू फारशी लंगडी नव्हती. लंगडी होती ती त्याची कोठारं.

काराकोरम माळरानावरचं शहर. तिथे धान्य पिकत नाही, ते चीनमधून गाड्यांनी यायचं. कुबलाईने गाड्या थांबवल्या. एवढंच. ज्या घोडेस्वारांपुढे अर्धं जग थरथरलं, त्यांची राजधानी पीठ संपलं म्हणून हातची जाऊ लागली. अरिक बोकेने मग चगताईचा नातू अलगू याला मध्य आशियात पाठवलं: तिथला उलुस सांभाळ आणि मला धान्य धाड. अलगूने उलुस सांभाळला, धान्य गोळा केलं आणि स्वतःकडेच ठेवलं. मागणी घेऊन आलेल्या वकिलांना त्याने ठार मारलं.

उपासमारीने सैन्य गळत गेलं आणि १२६४ मध्ये अरिक बोके भावापुढे शरण आला. इराणी इतिहासकार रशीदुद्दीन सांगतो: कुबलाईने विचारलं, “आपल्या दोघांत बरोबर कोण होतं?” अरिक बोके म्हणाला, “तेव्हा आम्ही होतो, आज तुम्ही आहात.” दोन वर्षांनी तो कैदेत मेला.

[दृश्य: हिरवं, ओलसर कुरण. चरणारे घोडे.]

आता पुन्हा तेरेककडे येऊ. बर्के, म्हणजे जोचीचा मुलगा आणि गोल्डन होर्डचा खान, मुसलमान झालेला होता आणि बगदादच्या खलिफाची हत्या त्याला सलत होती. हे खरं. पण भांडणाच्या मुळाशी कुरण होतं. आजच्या अझरबैजानातली मुघान आणि अर्रानची मैदानं हिवाळ्यातही घोडे पोसतात. एकेक मंगोल स्वार अनेक घोडे बाळगायचा, म्हणजे असं कुरण ज्याच्या ताब्यात, सैन्य त्याचं. जोचीच्या वंशजांना ते आपलं वाटायचं, हुलागूने तिथे तळ ठोकला. आपल्याकडे बांधावरून डोकी फुटतात, तिथे बांध काही शे कोसांचा होता. त्यात हुलागूच्या छावणीत गेलेले जोचीच्या घरचे तीन राजपुत्र परतले नाहीत. एकाला तर जादूटोण्याचा आळ घेऊन मारलं होतं.

दरम्यान १२६० च्या सप्टेंबरमध्ये पॅलेस्टाइनमधल्या ऐन जालूतला इजिप्तच्या मामलुकांनी हुलागूने मागे ठेवलेल्या सैन्याचा पराभव केला. हे मामलुक मूळचे गुलाम, बरेचसे किपचाक माळरानातले, म्हणजे बर्केच्याच मुलखातले. त्यांचा सुलतान बैबर्स स्वतः तसाच विकला गेलेला. बर्के आणि बैबर्स यांच्यात पत्रं आणि वकील सुरू झाले, काळ्या समुद्रावरून तरुण गुलामांचा पुरवठा चालू राहिला. चुलतभावाला नमवण्यासाठी त्याच्या शत्रूच्या फौजेला माणसं मिळू द्यायची. भाऊबंदकी मुरली की इथवर जाते.

(गोल्डन होर्डमधला ‘होर्ड’ म्हणजे ‘ओर्दू’, छावणी. आपली ‘उर्दू’ त्याच शब्दातून आली.)

[दृश्य: तलास नदीचं खोरं.]

ओगेदेईच्या वंशजांची ती ओली जखम आता फुटली. त्याचा नातू कैदू याने मध्य आशियात स्वतःची सत्ता उभी केली. १२६९ च्या सुमारास तलासच्या काठी कैदू, चगताईच्या वंशातला बाराक आणि गोल्डन होर्डचा प्रतिनिधी एकत्र बसले. समरकंद-बुखाऱ्याकडचं दोन तृतीयांश उत्पन्न बाराकला, उरलेलं इतर दोघांत. आपण डोंगरात आणि माळावर राहू, पिकांत गुरं घालणार नाही, असंही ठरलं. या बैठकीत मोठ्या खानाचा माणूसच नव्हता. मला विचाराल तर साम्राज्य मोडल्याची नोंद इथे करावी, कारण घरच्या कारभाऱ्याला न विचारता वाटणी झाली. पुढच्याच वर्षी बाराक इराणवर चालून गेला आणि हेरातपाशी हुलागूच्या मुलाकडून हरला.

कैदू मात्र १३०१ पर्यंत कुबलाईच्या घराला छळत राहिला. त्याची मुलगी खुतुलून कुस्तीत पुरुषांना लोळवायची, असं मार्को पोलो सांगतो.

या कोंडीची झळ भारतालाही लागली. चगताईंच्या पूर्वेला युआन, नैर्ऋत्येला इल्खान, वायव्येला गोल्डन होर्ड. मोकळी दिशा उरली दक्षिणेची. १२९९ मध्ये त्यांचा खान दुवा याचा मुलगा कुतलुग ख्वाजा दिल्लीच्या दाराशी, किलीला पोचला. १३०३ मध्ये त्यांचा सरदार तरगी याने दिल्लीला वेढा घातला, तेव्हा चितोडहून परतलेला दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी सिरीच्या छावणीत अडकून पडला होता. हा तोच अलाउद्दीन, ज्याने १२९६ मध्ये रामदेवराव यादवाची देवगिरी लुटली होती.

[दृश्य: लांब कागदाची गुंडाळी, लाल मोहोर.]

मग एक विलक्षण कागद. १३०५ मध्ये इराणचा इल्खान ओल्जायतू फ्रान्सच्या राजाला पत्र लिहितो. मंगोल भाषेतलं, चिनी अक्षरांच्या मोहोरेचं हे पत्र आजही पॅरिसच्या अभिलेखागारात आहे. त्यात तो कळवतो की आम्ही भाऊबंद पंचेचाळीस वर्षं भांडलो, आता समेट झाला, टपालाच्या चौक्या पुन्हा जोडल्या गेल्या. १३०५ मधून पंचेचाळीस वजा करा. १२६० येतं. म्हणजे भांडण कधी सुरू झालं, हे त्यांना नेमकं माहीत होतं.

समेटाची शाई वाळते न वाळते तोच मध्य आशियात पुन्हा लढाई जुंपली आणि कैदूचं राज्य दुवाने गिळलं. पुढचं थोडक्यात. १३३५ मध्ये शेवटचा खरा इल्खान मुलाशिवाय मेला आणि इराण सरदारांनी वाटून घेतला. १३५९ नंतर गोल्डन होर्डमध्ये वीसेक वर्षांत वीसाहून अधिक खान आले आणि गेले. १३६८ मध्ये युआन सम्राट आजच्या बीजिंगहून, तेव्हाच्या दादूहून, माळरानाकडे पळाला.

चगताईंचा मुलूख १३४० च्या दशकात दुभंगला. पूर्वेकडच्या भागाला नाव पडलं मोगलिस्तान. पश्चिमेकडे तैमूर उठला, पण चंगीझच्या रक्ताचा नसल्यामुळे त्याने ‘खान’ हे पद घेतलं नाही. नावापुरता एक चंगीझवंशी खान गादीवर बसवून तो घराण्याचा जावई म्हणवून घेत राहिला. त्याच्या वंशात बाबर. बाबराची आई मोगलिस्तानच्या खानाची मुलगी, तरी आपल्या आठवणींत त्याने मोगलांबद्दल फारसं बरं लिहिलेलं नाही. त्याच्या घराण्याला जगाने नाव दिलं ते मात्र हेच.

[दृश्य: दौलताबादचा किल्ला, संध्याकाळ.]

तो शब्द दख्खनमध्ये आला आणि इथलाच झाला. बादशहाचा सुभेदार निजाम, त्यालाही पेशव्यांच्या कागदांत ‘मोगल’ म्हटलं. त्याच्या ताब्यातला मराठवाडा जुन्या माणसांच्या तोंडी ‘मोगलाई’. आणि घरात कुणी परस्पर दुसऱ्याच्या वाटणीचं उचललं, तर आजी आजही ओरडते: “काय मोगलाई लागून गेली आहे का?”

[पडदा काळा. घोड्यांच्या टापा.]